फुलजन्सचा कप्तान

फुलजन्स शार्लरी हा खोटं बोलणारा माणूस नव्हता. घरी, चर्चमध्ये, मासळीबाजारात तो खरंच बोलायचा. खोटं तो फक्त सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात बोलायचा, तेही बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांशी, आणि तेही इंग्रजीतून. पात्वा ही घरची भाषा. तिच्यात तो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, कारण तिच्यात बोललेलं खोटं संध्याकाळच्या आत त्याच्या मावशीच्या, म्हणजे तांत झोदिलच्या, कानावर जातं.

सेंट लुशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथून दोन्ही पिटाँ डोंगर एकदम दिसतात, तिथे कालॉतची पुळण आहे. काळी वाळू, मागे रानबदामाची झाडं, एका टोकाला खडकातून झिरपणारं कोमट पाणी आणि दुसऱ्या टोकाला लाकडी धक्का. एवढंच. पण फुलजन्सच्या हाती पडल्यापासून या एवढ्याशा जागेत पाहण्यासारखं पुष्कळ झालं होतं. वाळू काळी का? तर कप्तान कालॉतच्या जहाजावरची बंदुकीच्या दारूची पिंपं इथे फुटली. पाणी कोमट का? तर कप्तान त्यात आंघोळ करायचा. "आणि ते अजून कोमट आहे?" असं एका बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा फुलजन्स टोपी काढून म्हणाला होता, "मॅडम, फार मोठा माणूस होता तो."

कप्तान कालॉत समुद्राला भीत नसे, पण कोंबड्यांना भीत असे. ही बारीकसारीक माहिती फुलजन्सला एकदम सुचली नव्हती. पाहुण्यांनी विचारली तशी ती साठत गेली. जर्मन लोकांना आकडे लागत, म्हणून कप्तान १७१४ साली एका मंगळवारी आला. अमेरिकनांना पुरलेला खजिना लागे, म्हणून तो पुरला गेला. इंग्रज आधी विचारत, "हा कप्तान इंग्रज नव्हता ना?" आणि तो फ्रेंच होता हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटे की पुढचं सगळं ते मुकाट्यानं ऐकून घेत. शेजारच्या बेटांवरून आलेल्यांना मात्र फुलजन्स कप्तानाबद्दल चकार शब्द सांगत नसे. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे कप्तान होते.

या कप्तानाचा जन्म एकतीस वर्षांपूर्वीचा. फुलजन्स तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि पुळणीवर नुकताच माणसं फिरवायला लागला होता. एके दिवशी चर्चच्या बारा बायका आल्या, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. बरोबर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या बेटावरच्या किनाऱ्यांची एक पुस्तिका लिहीत होत्या. त्यांनी वही उघडून विचारलं, "या जागेला कालॉत का म्हणतात?"

फुलजन्सला खरं कारण पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर एका पुरुषाचा हात एका बाईच्या नेमका कुठे गेला हे सांगावं लागणार होतं. त्यानं त्या बारा पांढऱ्या टोप्यांकडे पाहिलं. मग त्याचं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून "कप्तान कालॉत" हे शब्द बाहेर आले.

परतीच्या वाटेवर खरं काय ते बाईंना एकटं गाठून सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण धक्क्यावर पोचेपर्यंत बाईंनी विचारलं, "आणि तो मेला कसा?" फुलजन्स मुळात भिडस्त, विचारणाऱ्याला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. त्यानं कप्तानाला तापानं मारलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग किनारा मार्गदर्शक मंडळाचं पत्र आलं. यापुढे ज्याच्याकडे मंडळाचा बिल्ला असेल त्यालाच धक्क्यावर उभं राहून पाहुणे घेता येतील, आणि बिल्ला हवा तर परीक्षा द्यावी लागेल. परीक्षा तोंडी, जागेवरच. अभ्यासाला मंडळाची निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका. प्रश्न पाच, आणि पाचही बरोबर आले पाहिजेत.

सत्तावन्नाव्या वर्षी फुलजन्स अभ्यासाला बसला. त्याची बायको फिलो स्वयंपाकघराच्या दारात हिरवी केळी सोलत त्याचा अभ्यास घेऊ लागली. एरवी ती त्याला नावानं हाक मारायची. चिडली की आडनावावर यायची.

"ओहोटीला धक्क्याच्या कोणत्या बाजूला पोहायचं नाही?"

"हे मला विचारतेस? मी सांगितलं म्हणून तर तिथे लाल बावटा लावलाय."

"शार्लरी, पुस्तकात काय लिहिलंय ते सांग. तू काय केलंस ते कुणी विचारलेलं नाही."

फुलजन्सनं पान उलटलं, आणि चौदाव्या पानावर त्याची नजर खिळली. तिथे कप्तान होता. १७१४ साल, बंदुकीची दारू, कोमट पाण्याचा झरा, कोंबड्या. सगळं छापलेलं. वर लाटांवर डोलणाऱ्या जहाजाचं चित्रसुद्धा होतं. एखाद्याचा मुलगा परदेशी जाऊन मोठा व्हावा आणि त्याचा फोटो एकदम वर्तमानपत्रात दिसावा, तसं फुलजन्सला झालं. त्यानं पुस्तिका उंच धरली आणि फिलोला आख्खं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचलं इंग्रजी, पण आनंदाच्या भरात सांगितलं पात्वात. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"कोण कप्तान?" कुंपणापलीकडून आवाज आला.

फुलजन्सनं पुस्तिका मिटली.

"कोण कप्तान रे, फुलजन्स? मी विचारते आहे."

"काही नाही, तांत. परीक्षेचं आहे."

तांत झोदिल ही त्याच्या आईची थोरली बहीण. वय शहाऐंशी. फुलजन्सची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला सातव्या वर्षापासून वाढवला. तिला इंग्रजी येत नव्हतं. यावं असं तिला कधी वाटलंही नाही. त्यामुळे तिचा भाचा एकतीस वर्षं पुळणीवर काय सांगतो आहे, हे गावात फक्त तिलाच माहीत नव्हतं. ती काठी टेकत कुंपणाच्या फटीतून आली, केळ्यांच्या सालांवरून पाय जपत आत शिरली आणि खुर्चीवर बसली.

"वाच. पात्वात वाच."

फुलजन्सनं वाचलं. वाचताना कोंबड्या गाळल्या. ऐकता ऐकता तांत झोदिलचा खालचा ओठ पुढे येत गेला.

"संपलं?"

"संपलं."

"मा क्लेरिस कुठे आहे यात?"

मा क्लेरिस म्हणजे तांत झोदिलची आजी. राणीच्या राज्यात एक इंग्रज मोजणीदार नकाशा करायला या पुळणीवर आला होता. मा क्लेरिस तेव्हा विशीची होती आणि खडकावर कपडे धूत होती. साहेबानं तिला मोजणीच्या साखळीचं एक टोक धरायला सांगितलं. तिनं धरलं. मग साखळी सरळ करायच्या निमित्तानं साहेबाचा हात साखळीवरून निघाला आणि जिथे साखळी नव्हती तिथे पोचला. मा क्लेरिसनं त्याच्या मुस्काटात अशी लगावली की त्याची टोपी पाण्यात गेली. समोर जाळं ओढणारे कोळी उभे होते. साहेबाचा एक हात गालावर, दुसऱ्या हातात पेन्सिल. चारचौघांत शोभा झालेली, काहीतरी कामाचं बोलावं म्हणून त्यानं विचारलं, "याला तुम्ही काय म्हणता?" त्याला म्हणायचं होतं या किनाऱ्याला. कोळ्यांना वाटलं, गालावर जी बसली तिला. आठजण एकसुरात म्हणाले, "कालॉत, साहेब." पात्वात कालॉत म्हणजे थप्पड. साहेबानं ते नीट लिहून घेतलं.

"सगळ्या बेटावर," तांत झोदिल म्हणाली, "मोठमोठ्या साहेबांची नावं आहेत डोंगरांना, रस्त्यांना. आमच्या घराण्याच्या वाट्याला काय आलं? एक थप्पड. तीही तू नेऊन त्या चोराला दिलीस?"

"तांत, चर्चच्या बायका होत्या समोर..."

"मग? चर्चच्या बायकांना काय थप्पड मारता येत नाही?"

तांत काठीवर जोर देऊन उठली. "परीक्षेत मा क्लेरिसचं नाव घ्यायचं. मी स्वतः येऊन बसणार आहे ऐकायला. नाही घेतलंस, तर मी मेल्यावर माझ्या शवपेटीला तू हात लावायचा नाहीस. तुझ्या कप्तानाची उचल."

ती गेल्यावर फिलोनं केळी पाण्यात टाकली.

"खरं सांगितलं तर बिल्ला जाईल," फुलजन्स म्हणाला. "पुस्तकात कप्तान आहे. माझ्यासारख्याला दुसरं काय येतं, फिलो? मला मासे धरता येत नाहीत, बोटीत मला उलटी होते. मला ही पुळणच तेवढी येते."

"रडू नकोस. तांतला इंग्रजी येतं का?"

"नाही."

"मग? तू सांग कप्तान. मधूनमधून मा क्लेरिसचं नाव घे, हातानं जरा थप्पड मारल्यासारखं कर. परीक्षक ऐकतील कप्तान, तांत ऐकेल क्लेरिस. दोघंही खूश."

ही युक्ती फुलजन्सला फारच पसंत पडली. ती फिलोनं केळ्यांकडे बघत, त्याच्याकडे न बघता सांगितली होती, एवढंच तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मंडळाकडून दोघं आले. मुख्य परीक्षक मिसेस युडॉक्सिया सेंट रोझ. या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. देह मोठा, आवाज बारीक, आणि समोरचा काय लपवतो आहे हे त्याच्या आधी ओळखायची सवय. त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या तशी खुर्ची वाळूत चार बोटं खचली. दुसरा मिस्टर हिप्पोलाइट, राजधानीतला तरुण कारकून. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद, गळ्यात कॅमेरा. त्याच्या आईनं त्याला लहानपणी पात्वाचा एक शब्द बोलू दिला नव्हता, आणि ते तो अभिमानानं सांगत असे.

तांत झोदिल तासभर आधीच येऊन रानबदामाखाली उलट्या घातलेल्या होडीवर बसली होती. अंगावर रविवारचा झगा होता. पुढे पाण्यात कोळी जाळं ओढत होते. एरवी ते गाणी म्हणत ओढतात. आज ऐकायचं होतं म्हणून गप्प ओढत होते.

पहिले चार प्रश्न फुलजन्सनं असे सोडवले की मिसेस सेंट रोझ यांनी दोनदा मान हलवली. ओहोटीची ओढ कुठे लागते हे सांगताना तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला आणि पायाच्या अंगठ्यानं ती रेघ दाखवली, जिच्या पलीकडे वाळू एकदम खाली जाते. विषारी मँचिनीलचं झाड कोणतं, त्याच्याखाली पावसात का उभं राहायचं नाही, त्याचं फळ चाखलेल्या माणसाला काय होतं, हे त्यानं इतक्या कळकळीनं सांगितलं की मिस्टर हिप्पोलाइट ज्या झाडाला टेकून उभा होता तिथून पटकन बाजूला झाला.

"ते बदामाचं आहे, साहेब," फुलजन्स हळूच म्हणाला.

"मला माहीत आहे," हिप्पोलाइट म्हणाला आणि त्यानं चौथ्या प्रश्नापुढे खूण केली. "शेवटचा प्रश्न. या किनाऱ्याला कालॉत हे नाव कसं पडलं?"

फुलजन्सनं टोपी काढली. एकीकडे कागदावर टेकलेलं पेन, दुसरीकडे होडीवर पुढे वाकलेली तांत. जाळ्याचा दोर जागच्या जागी थांबला.

"सन १७१४ मध्ये," त्यानं इंग्रजीत सुरुवात केली, "कप्तान कालॉत नावाचा फ्रेंच समुद्री चाचा इथे उतरला." हे म्हणताना त्यानं हवेत एक जोरदार थप्पड मारली. हिप्पोलाइटनं चमकून वर पाहिलं. "त्याच्या जहाजावर बंदुकीची दारू होती." दुसरी थप्पड. "मा क्लेरिस!" हे नाव त्यानं वाक्याला जोडून न घेता नुसतंच मोठ्यानं उच्चारलं, शिंक आल्यासारखं.

"कोण?" मिसेस सेंट रोझ म्हणाल्या.

"मा क्लेरिस, मॅडम. ती... ती होती इथे."

"कप्तानाबरोबर?"

विचारणाऱ्याला नाही म्हणणं फुलजन्सला कधी जमलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "कप्तान कालॉत आणि मा क्लेरिस. कप्तान मा क्लेरिसला म्हणाला..."

तांत झोदिलला इंग्रजी येत नव्हतं, पण कप्तान हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच. आणि आता कप्तान आणि मा क्लेरिस ही दोन नावं एका दमात, एकामागोमाग, पुन्हा पुन्हा येत होती. याचा अर्थ तिनं जो काढायचा तो काढला.

ती उठली. काठी होडीवरच राहिली. शहाऐंशी वर्षांची ती बाई वाळूतून सरळ चालत आली, मिसेस सेंट रोझ यांना मान लववून "बोंजू, मदाम" म्हणाली, आणि मग भाच्याकडे वळली.

"माझ्या आजीचं लग्न त्या चोराशी लावतोस?" ती म्हणाली आणि तिनं हात फिरवला.

आवाज डोंगरापर्यंत गेला. फुलजन्सची टोपी त्याच्या हातातून उडून पाण्यात पडली.

हिप्पोलाइट दोन पावलं मागे सरला. असल्या प्रकारासाठी त्याच्या कागदावर रकाना नव्हता. पेन हवेत धरून त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि कोळ्यांना विचारलं, "हे... हे काय म्हणायचं?"

"कालॉत, साहेब!" पाण्यातून आठ-नऊ जण एकसुरात म्हणाले.

आणि हिप्पोलाइटनं ते लिहून घेतलं.

मिसेस सेंट रोझ यांना हसू आवरेना. त्या खुर्चीसकट हलू लागल्या. आपल्या शाळेत पात्वा बोलणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर बाकावर उभं केलं होतं, आता त्यांनी डोळे पुसले आणि उत्तम पात्वात विचारलं, "तांत, या नावाचं खरं काय आहे? तुम्ही सांगा."

तांत झोदिलनं सगळं सांगितलं. साखळी, साहेब, हात. हात कुठे गेला हेही सांगितलं, त्या भागाचं नाव घेऊन, आणि आकाश काही कोसळलं नाही. मिसेस सेंट रोझ यांनी ते हिप्पोलाइटसाठी इंग्रजीत केलं. तो लाल झाला आणि त्यानं पुस्तिका उघडली.

"पण मॅडम, चौदावं पान. बरोबर उत्तर कप्तान आहे."

"मिस्टर शार्लरी," बाई फुलजन्सकडे वळल्या, "तुमचं उत्तर कोणतं? शेवटचं विचारते आहे."

फुलजन्सचा डावा गाल फणफणत होता. कप्तान म्हटलं की बिल्ला. इतकं ते सोपं होतं. त्यानं तांतकडे पाहिलं. ती आता त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होती आणि बोटं चोळत होती. तिला लागलं होतं.

"मा क्लेरिस," तो म्हणाला. "कप्तान कुणी नव्हता, मॅडम. तो मी केला."

"केला म्हणजे?"

"तोंडानं."

"मग उत्तर चूक," हिप्पोलाइट कष्टी आवाजात म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता. "पुस्तिकेत आहे ते बरोबर. मी काय करू?"

"पुस्तिकेला हे कुणी सांगितलं ते बघ," बाई म्हणाल्या. "शेवटच्या पानावर असतं."

हिप्पोलाइटनं शेवटचं पान काढलं, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. "कालॉत किनारा. माहिती: एफ. शार्लरी, स्थानिक रहिवासी."

"म्हणजे पुस्तिका याच्या शब्दावर उभी आहे," मिसेस सेंट रोझ म्हणाल्या. "आणि हा म्हणतो तो शब्द खोटा होता. आता तू याला नापास कर. कारण काय लिहिशील? पुस्तिकेशी जुळत नाही? पुस्तिका म्हणजे हाच. याचं आजचं म्हणणं याच्या तरुणपणाशी जुळत नाही, असं लिहायचं का? ते तर कुणाचंच जुळत नाही."

हिप्पोलाइटनं तीन वेळा पेन टेकवलं आणि तीन वेळा उचललं. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, मला नाही समजत यात. तुम्ही सांगाल तसं."

"पाचही बरोबर लिही. फक्त एक अट." बाईंनी पर्समधून कोरा कागद काढला. "मिस्टर शार्लरी, इथे लिहून द्या की कप्तान खोटा आहे. पुढच्या छपाईत ते पान बदलावं लागेल. आणि तोवर पाहुण्यांना खरं सांगायचं."

फुलजन्सनं होडीच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. 'कप्तान कालॉत हा माणूस झाला नाही,' एवढं एक वाक्य लिहायला त्याला बराच वेळ लागला. एकतीस वर्षांचा सहवास होता. सही करताना त्याच्या मनात आलं, निदान या वेळी तो तापानं गेला नाही.

"आता बिल्ल्यासाठी फोटो," हिप्पोलाइट म्हणाला. त्यानं कॅमेरा उचलला आणि खाली केला. "मॅडम, याचा गाल फार सुजलाय. एक डोळा मिटतोय. उद्या काढू या का?"

"आजचा फोटो आजच," मिसेस सेंट रोझ म्हणाल्या.

तांत झोदिल पुढे झाली. तिनं फुलजन्सची कॉलर सरळ केली, केसांतली वाळू झटकली, आणि फोटोत नीट यावी म्हणून सुजलेली बाजू त्याच्या हनुवटीला धरून कॅमेऱ्याकडे वळवली.